विदर्भातल्या किडनी ट्रान्सप्लांटवर थीसिस करायचाय, नेमकं काय मोजू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी पीएसएमची (म्हणजे सार्वजनिक आरोग्य विषयातली) सेकंड इयर रेसिडेंट आहे, नागपुरातलीच, विषय घेतलाय किडनी ट्रान्सप्लांट आणि सरकारी योजना. दोन-तीन हॉस्पिटलांतून पाच वर्षांचं रेकॉर्ड काढायचं, डायलिसिसवर राहिलेले एका बाजूला, ट्रान्सप्लांट झालेले दुसऱ्या बाजूला, कोण किती जगलं ते बघायचं आणि राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेमुळे फरक पडला का ते लिहायचं. गाइड म्हणाले सोपं आहे, होऊन जाईल. तिचं विचारणं एवढंच की यात काही चुकतंय का.

हो गं, चुकतंय. विषय एकदम चांगला निवडलास, सोडू नकोस, पण ही तुलना अशी सरळ केलीस तर निकाल तुझ्या एक्सेल शीटमध्ये आधीच लिहिलेला आहे, ट्रान्सप्लांटवाले जास्त जगले असंच येणार. कारण बघ ना, ट्रान्सप्लांट होतो कोणाचा? ज्याचं वय कमी आहे, हार्ट बरं आहे, घरात द्यायला कोणीतरी आहे आणि ते फिट निघालंय, थोडेफार पैसे उभे राहिलेत, आणि जो नागपूरला महिन्यातून चार चकरा मारू शकतो त्याचा. डायलिसिसच्या गटात मग उरतं कोण, तर सत्तरीचे शुगरवाले आजोबा ज्यांचं इको खराब आहे, जिचं क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आलं, म्हणजे दात्याच्या पेशींविरुद्ध रक्तात अँटिबॉडी निघाल्या, ती बाई, आणि तो माणूस ज्याला ट्रान्सप्लांट हा पर्याय असतो हेच कोणी सांगितलं नाही. हे दोन गट एकमेकांशेजारी ठेवले की तू किडनीचा फायदा मोजत नाहीस, निवड कशी होते ते मोजतेस.

अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९९ साली यावर जो अभ्यास छापला तो आधी नीट वाचून काढ. सव्वादोन लाखांहून जास्त डायलिसिसचे पेशंट होते त्यांच्याकडे, पण सगळ्यांशी तुलना केलीच नाही. जे वेटिंग लिस्टवर होते, म्हणजे डॉक्टरांनी तपासून ट्रान्सप्लांटला फिट ठरवले होते, त्यातल्या ज्यांना मृत दात्याची किडनी मिळाली ते आणि ज्यांना अजून मिळायची होती ते, एवढीच तुलना. आणि निकाल काय तर ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका वेटिंगवाल्यांच्या २.८ पट होता, १०६ व्या दिवशी तो दोघांचा सारखा झाला, आणि त्यानंतर लांब पल्ल्यात ट्रान्सप्लांटवाल्यांचा धोका ६८ टक्क्यांनी कमी. हा आकार लक्षात ठेव, आधी वाईट आणि मग चांगलं. तुझ्या अभ्यासात जर पहिल्या दिवसापासूनच ट्रान्सप्लांट चांगला दिसायला लागला तर समजायचं की कुठेतरी निवड घुसलीय.

दुसरी गोष्ट घड्याळाची, म्हणजे मोजायला सुरुवात कुठून करायची. समजा एखाद्याचं डायलिसिस जानेवारी २०१९ ला सुरू झालं आणि ट्रान्सप्लांट जानेवारी २०२१ ला झाला. तू त्याला ट्रान्सप्लांटच्या गटात टाकून २०१९ पासूनचं आयुष्य मोजलंस तर ती मधली दोन वर्षं ट्रान्सप्लांटच्या खात्यात फुकट जमा होतात, कारण त्या दोन वर्षांत तो मेला असता तर तो तुझ्या त्या गटात आलाच नसता. ती दोन वर्षं डायलिसिसच्या खात्यातली आहेत, ऑपरेशनच्या दिवशी तो खातं बदलतो. बायोस्टॅटिस्टिक्सच्या सरांना सांग टाइम डिपेन्डंट व्हेरिएबल म्हणून घ्यायचंय, त्यांना कळेल. हे न करता छापलेले पेपर ढिगाने आहेत आणि तेच पुढे पॉलिसीच्या मीटिंगमध्ये उचलले जातात, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

पण खरं सांगू का, हे सगळं बरोबर केलंस तरी आपल्याकडे प्रश्न त्याच्या आधीच संपलेला असतो. अमेरिकेत वेटिंग लिस्ट हा बऱ्यापैकी मोठा गट आहे. आपल्याकडे झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटणाऱ्या विभागीय समितीच्या, लिस्टवर नाव लागायचं म्हणजे आधी एखाद्या ट्रान्सप्लांट सेंटरमधून रजिस्टर व्हायचं, त्यासाठी इको, व्हायरल मार्कर, एचएलए (पेशी जुळतात का ते), दातांपासून सगळी तपासणी, आणि प्रत्येक तपासणी म्हणजे गावाहून एक फेरी आणि एक दिवसाची मजुरी. नॅशनल डायलिसिस प्रोग्रॅमच्या कागदावर देशात दरवर्षी २.२ लाख नवीन लोक किडनी पूर्ण निकामी होण्याच्या स्टेजला येतात, आणि २०२३ साली सगळ्या देशात किडनी ट्रान्सप्लांट झाले साधारण साडेतेरा हजार. मधले बाकीचे गेले कुठे? हाच पॉलिसीचा प्रश्न आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये पोचलेल्यांचे निकाल आपल्याकडे वाईट नाहीत, चांगल्या हातांनी होतात ऑपरेशनं, गळती सगळी त्याच्या आधी आणि मग त्याच्या बरीच नंतर आहे.

म्हणून मी म्हणेन पहिला भाग गळतीचा कर. डायलिसिस सुरू झालेले सगळे पेशंट घे, एका ठरावीक वर्षातले, आणि प्रत्येकासाठी बघत जा की ट्रान्सप्लांटबद्दल बोलणं झालं का, घरच्या दात्याचं नाव पुढे आलं का, दात्याची तपासणी सुरू झाली का, कुठे अडली, लिस्टवर नाव लागलं का, तोपर्यंत माणूस जिवंत होता का. पहिल्या पायरीचीच नोंद केस पेपरवर सापडणार नाही बहुतेक ठिकाणी, आणि नोंद नसणं हेही लिहायचं, तो तुझा निकालच आहे. भारतातल्या सीकेडी (म्हणजे किडनीच्या जुनाट आजाराच्या) रजिस्ट्रीत बावन्न हजारांहून जास्त पेशंट होते, २०१२ मध्ये छापून आलं ते, त्यात ४८ टक्के लोक पहिल्यांदा नेफ्रोलॉजिस्टकडे आले तेच स्टेज पाचला, म्हणजे शेवटच्या स्टेजला. म्हणजे अर्धे लोक आले तेव्हा विचार करायला वेळच नव्हता, क्रिएटिनिन दहा-बारा, श्वास भरलेला, गळ्यात कॅथेटर टाकून रात्रीच डायलिसिस. अशा माणसाच्या घरच्यांशी त्या रात्री ट्रान्सप्लांटचं काय बोलणार, आणि पुढे ओपीडीच्या गर्दीत ते बोलणं राहून जातं.

आता यातली एक साखळी सांगते, ती पॉलिसीवाल्यांच्या नजरेतून कायम सुटते आणि आम्हाला वॉर्डात रोज दिसते. डायलिसिसवरच्या माणसाचं हिमोग्लोबिन पडतं कारण किडनी जे एरिथ्रोपोएटिन, म्हणजे रक्त बनवायला लावणारं हार्मोन, बनवते ते बंद होतं. त्यावर इंजेक्शन आहे, आयर्न आहे. पण जिल्ह्याच्या सेंटरला इंजेक्शनचा साठा संपला, किंवा पेशंटला बाहेरून आणायला सांगितलं आणि त्याला परवडलं नाही, की हिमोग्लोबिन पाचवर येतं आणि मग रक्त चढवावं लागतं. रक्तातून दुसऱ्याच्या पेशी येतात, शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, आणि वर्षभराने बायको किंवा भाऊ किडनी द्यायला तयार होतो तेव्हा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. म्हणजे एका स्वस्त इंजेक्शनचा पुरवठा चुकला त्याची किंमत म्हणून त्या माणसाचा घरातला एकुलता एक दाता बाद झाला, आणि ही दोन टोकं वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या फायलींत आहेत त्यामुळे कोणाला जोडता येत नाहीत. तुझ्या फॉर्ममध्ये 'ट्रान्सप्लांटच्या आधी किती रक्ताच्या पिशव्या चढल्या' हा रकाना टाकच टाक. बायकांमध्ये तर बाळंतपणामुळे या अँटिबॉडी आधीच असू शकतात, त्यांच्यात रक्त चढवणं आणखी महागात पडतं.

डायलिसिसवर घालवलेला वेळही मोज. २००२ साली एक अभ्यास आला होता, फार हुशारीने केलेला. मृत दात्याच्या दोन किडन्या दोन वेगळ्या लोकांना जातात ना, त्यांनी अशा जोड्या घेतल्या जिथे एकाच दात्याची एक किडनी सहा महिन्यांपेक्षा कमी डायलिसिस झालेल्याला गेली आणि दुसरी दोन वर्षांपेक्षा जास्त झालेल्याला. दाता तोच, किडनीचा दर्जा तोच. दहा वर्षांनी पहिल्या गटात ६३ टक्के किडन्या चालू होत्या, दुसऱ्या गटात २९ टक्के. पॉलिसीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तपासणीच्या फेऱ्या, ऑथरायझेशनची कागदपत्रं, पॅकेजची मंजुरी यात गेलेला प्रत्येक महिना पुढे किडनीच्या आयुष्यातून वजा होतो. मग योजना चालू झाल्यावर 'किती ट्रान्सप्लांट वाढले' यापेक्षा 'डायलिसिस ते ट्रान्सप्लांट किती महिने लागतात, ते कमी झाले का' हा प्रश्न जास्त कामाचा, आणि तो तुझ्या रेकॉर्डमधून निघू शकतो, दोन्ही तारखा सापडतात.

योजनेचा परिणाम मोजायचाय म्हणतेस तर आधी योजनेचा इतिहास तारखेसकट लिहून काढ. राजीव गांधी जीवनदायी म्हणून २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्याकडचे गडचिरोली आणि अमरावती होते. बाकी राज्यात २०१३ च्या नोव्हेंबरला आली. नंतर २०१७ मध्ये नाव महात्मा जोतिराव फुले झालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि किडनी ट्रान्सप्लांटसाठी अडीच लाख असं होतं, २०२३ च्या जुलैच्या जीआरने कुटुंबाचं पाच लाख आणि ट्रान्सप्लांटचं साडेचार लाख केलं आणि पिवळ्या-केशरी कार्डाची अट काढून सगळ्यांना खुली केली. आता तुला वाटेल की वा, आधी आठ जिल्हे आणि मग बाकीचे, म्हणजे तुलना आयती मिळाली. डायलिसिससाठी मिळते, त्यावर कर खुशाल. ट्रान्सप्लांटसाठी नाही मिळत, कारण तेव्हा विदर्भात सरकारी ट्रान्सप्लांटच नव्हते, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत ते २०१६ मध्ये सुरू झाले. गडचिरोलीच्या माणसाच्या हातात २०१२ मध्ये कार्ड आलं, पण ते दाखवून ट्रान्सप्लांट करून घ्यायला जवळ जागाच नव्हती. कव्हर असणं आणि सेवा मिळणं या दोन तारखा वेगळ्या ठेव, नाहीतर योजना निकामी ठरवून मोकळी होशील आणि ते खरं नसेल.

त्यापेक्षा सीमेची तुलना बघ. कर्नाटकात वाजपेयी आरोग्यश्री ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना उत्तरेकडच्या जिल्ह्यांत आधी आली, तेव्हा संशोधकांनी योजनेच्या सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची गावं घेतली, लोक सारखे, शेती सारखी, फक्त योजना एकीकडे. २०१४ मध्ये छापून आलं, योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणारे गरिबांचे मृत्यू ६४ टक्क्यांनी कमी निघाले योजनेच्या बाजूला. आपल्याकडे सावनेर ओलांडलं की सौंसर, रामटेकच्या पुढे शिवनी, तिथले लोकही इलाजाला नागपूरलाच येतात, कितीतरी घरात मराठीच बोलतात, पण राज्य वेगळं म्हणून योजना वेगळी. एकाच ओपीडीत शेजारी बसलेल्या दोन पेशंटांचे आउटकम योजनेमुळे वेगळे होतात का हे नागपुरात बसून बघता येतं, मुंबई-पुण्याला इतकं सहज नाही जमणार. मात्र दोन्हीकडे कुठल्या वर्षी कुठली योजना होती आणि तिच्यात काय काय येत होतं ते आधी पक्कं करून घे, ऐकीव माहितीवर जाऊ नको.

आता ऑपरेशननंतरचं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पॅकेज म्हणजे ऑपरेशन, ऍडमिशन आणि सुरुवातीचा काळ. किडनी चालते ती त्यानंतर रोज घेतलेल्या टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांवर, त्यांच्यामुळे शरीर नवी किडनी नाकारत नाही, आणि त्या किडनी आहे तोपर्यंत घ्यायच्या. यावर अमेरिकेचा अनुभव फार बोलका आहे. १९७२ च्या कायद्याने त्यांनी डायलिसिस आणि ट्रान्सप्लांट मेडिकेअर या सरकारी विम्यात घेतला, वयाची अट न ठेवता. पण ट्रान्सप्लांटनंतरच्या औषधांचं कव्हर, ज्यांचं वय ६५ खाली आहे आणि जे अपंगत्वात बसत नाहीत त्यांचं, छत्तीस महिन्यांनी बंद व्हायचं. लोक गोळ्या तोडायला लागायचे, दिवसाआड घ्यायचे, किडनी जायची, आणि मग डायलिसिस परत सरकारी खर्चाने चालू, जे गोळ्यांपेक्षा कितीतरी महाग. डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२३ पासून ज्यांच्याकडे दुसरा विमा नाही त्यांना नुसतं औषधांचं कव्हर पुढे चालू ठेवायची सोय झाली. इतकी वर्षं लागली त्यांना, आणि पुरावा हातात नव्हता असं नाही. नव्वदच्या दशकात हे कव्हर एक वर्षावरून तीन वर्षांवर नेलं होतं, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पेशंटांची तुलना २००१ मध्ये छापली गेली, आधी कमी उत्पन्नवाल्यांच्या किडन्या एका वर्षानंतर जास्त जायच्या, कव्हर वाढवल्यावर तो गरीब-श्रीमंत फरक निघून गेला. औषध तेच, डॉक्टर तेच, फक्त पैसे कोण भरतं ते बदललं.

तर तुझ्या थीसिसचा गाभा मी तरी इथे ठेवला असता. योजनेतून ट्रान्सप्लांट झालेल्या प्रत्येकाला गाठ आणि विचार की गोळ्या आत्ता कुठून येतात, कोण पैसे देतं, मागच्या तीन महिन्यांत कधी डोस चुकला का, चुकला तर का. 'पैसे नव्हते', 'इथल्या मेडिकल स्टोअरला मिळत नाहीत, नागपूरहून मागवतो', 'ब्रँड बदलला', 'बरं वाटत होतं म्हणून' ही चार वेगळी कारणं आहेत आणि चौघांचा उपाय वेगळा, सगळ्यांना 'नॉन कम्प्लायन्ट', म्हणजे औषध नीट न घेणारा, असं लिहून टाकलंस तर काही हाती लागणार नाही. तो शब्द केस पेपरवर दिसला की मला नेहमी वाईट वाटतं, कारण त्याच्यामागे बहुतेक वेळा विकलेलं वावर असतं किंवा मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे असतात.

टॅक्रो लेव्हलचे, म्हणजे रक्तात टॅक्रोलिमस किती आहे त्याचे, आकडे रेकॉर्डमधून घेशील तेव्हा एक सांभाळ. लेव्हल म्हणजे आधीच्या डोसनंतर बारा तासांनी, पुढचा डोस घ्यायच्या आधी घेतलेलं रक्त. गोंदिया, बालाघाटकडून पहाटेच्या गाडीने निघालेला माणूस सवयीने गोळी घेऊन निघतो, इथे दहा वाजता रक्त देतो, आकडा वर येतो, कोणीतरी डोस कमी करतं. दोन महिन्यांनी क्रिएटिनिन वाढलेलं. रक्त किती वाजता घेतलं आणि गोळी किती वाजता घेतली हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा ऍनालिसिसमध्ये घेऊ नको, सॅम्पल साइज कमी झाली तरी चालेल.

आउटकमची व्याख्या आधीच लिहून ठेव, डेटा बघितल्यावर नाही. किडनी गेली म्हणजे परत डायलिसिस किंवा परत ट्रान्सप्लांट. आणि किडनी नीट चालू असताना माणूस गेला, हार्ट अटॅकने किंवा इन्फेक्शनने, तर ते वेगळं मोज, दोन्हीची बेरीज आणि दोन्ही वेगवेगळे असे तीन आकडे दे. आपल्याकडे ट्रान्सप्लांटनंतर टीबी बराच होतो, टॅक्रो आणि स्टिरॉइडमुळे नव्याने शुगर होते, या दोन्हींची तारीख घे. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन टॅक्रोची लेव्हल पार खाली आणतं, म्हणून टीबी झालेल्याची किडनी का गेली हे शोधताना पीएचसीत त्याला कुठलं औषध दिलं हे विचारावं लागतं.

आणि जे फॉलोअपला आलेच नाहीत त्यांचं काय, इथे बहुतेक थीसिस ढासळतात. शेवटच्या व्हिजिटला जिवंत होता म्हणून तिथे सेन्सॉर केला, म्हणजे मोजणी तिथेच थांबवली, असं लिहितात. पण भामरागडचा, सिरोंच्याचा, मेळघाटातला माणूस यायचा बंद झाला तो बरा आहे म्हणून की गेला म्हणून की पैसे संपले म्हणून, हे माहीत नसताना तो नागपूरच्या धरमपेठेतल्या पेशंटसारखाच असेल असं धरणं चुकीचं आहे. अंतर जितकं जास्त तितके गायब जास्त, आणि गायब असलेल्यांत मृत्यू जास्त, मग तुझा निकाल खऱ्यापेक्षा चांगला दिसणार, तोही नेमका सगळ्यात गरीब तालुक्यांसाठी. त्यामुळे फोन कर, नंबर बदललेला असेल तर आशाताईंना धर, ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदी बघ. वेळ जाईल. कमी पेशंट घे पण घेतलेल्या प्रत्येकाचा शेवट माहीत करून घे. शोधूनही न सापडलेले किती आणि कुठल्या तालुक्यातले ते वेगळं दाखव, आणि ते सगळे गेले असं धरलं तर निकाल किती बदलतो ते एकदा चालवून बघ.

बायकांचा मुद्दा थीसिसमध्ये एका ओळीत उरकू नको. देशभर जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त आणि किडनी मिळालेल्यांत पुरुष जास्त, हे वर्षानुवर्षांचं चित्र आहे. आई देते, बायको देते, बहीण देते. नवऱ्याने बायकोला दिली असं होतं, पण कमी होतं. काही कारणं मेडिकल आहेत, गर्भारपणातल्या अँटिबॉडीचं वर सांगितलंच, पुरुषांत बीपी आणि तंबाखूमुळे दाता बाद होण्याचं प्रमाणही असतं, पण सगळं त्याने समजत नाही. घरात बसून ठरतं ते, आणि कमावत्याची किडनी 'जाऊ द्यायची नाही' हे न बोलता ठरतं. मी वर सांगितलेल्या गळतीच्या पायऱ्या बायका आणि पुरुष अशा वेगळ्या काढ, बाई नेमकी कुठल्या पायरीवर बाहेर पडते ते दिसेल, ती डायलिसिसलाच कमी आणली जाते की तिथे आल्यावर तिचा दाता उभा राहत नाही. दोन्ही ठिकाणचा उपाय वेगळा आहे. स्वॅपला २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्याची परवानगी आहे, दोन जोडप्यांचं रक्तगट जुळत नसेल तर अदलाबदल करता येते, किती कुटुंबांना हे सांगितलं गेलं तेही विचार.

आणि दात्यांना विसरू नको, त्यांचा फॉलोअप तर कोणीच करत नाही. अमेरिकेतल्या २०१४ च्या अभ्यासात पंधरा वर्षांत दर दहा हजार दात्यांमागे सुमारे ३१ जणांच्या किडन्या निकामी झाल्या, तितक्याच निरोगी पण दान न केलेल्यांत सुमारे ४. धोका कमीच आहे, मी आजही दात्याला आणि घरच्यांना हेच सांगते की तपासून घेतलेल्या निरोगी माणसाने द्यायला हरकत नाही, पण शून्य नाही, आणि वर्षातून एकदा बीपी, शुगर, क्रिएटिनिन आणि लघवी एवढं तपासायचा दात्याचा हक्क आहे. मुलाला किडनी दिलेली माय स्वतःच्या बीपीची गोळी पैशासाठी बंद करते हे दिसतं आम्हाला. योजनेत दात्याच्या ऑपरेशनचा खर्च बघितला जातो, दात्याची पुढची वर्षं नाही.

मृत दात्यांबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये देशात १,०९९ मृत दाते होते, म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एकही पूर्ण नाही, स्पेनमध्ये हाच आकडा चाळीसच्या वर आहे. लोक म्हणतात आपल्याकडे जागृती नाही, पण स्पेनने १९८९ मध्ये संस्था उभी केली आणि आयसीयूतल्याच डॉक्टरांना दाता ओळखायचं काम दिलं, तिथून आकडे वाढले. आपल्याकडे ब्रेन डेथ ठरवायला चार डॉक्टरांचं पॅनेल, सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासणी, हे करायची तयारी किती आयसीयूत आहे तो खरा प्रश्न. घरच्यांना विचारलं आणि ते नाही म्हणाले असे किती, आणि विचारलंच नाही असे किती, हे दोन आकडे वेगळे काढता आले तर एक स्वतंत्र थीसिस होईल. तुझ्या याच थीसिसमध्ये कोंबू नको.

शेवटी मागचं टोक, जिथून हे सगळे पेशंट येतात. वर सांगितलेल्या रजिस्ट्रीत ३१ टक्के लोकांची किडनी शुगरने गेलेली होती, १६ टक्क्यांचं कारण सापडलंच नव्हतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथलं पाणी खारट आहे, लोक पाण्याकडे बोट दाखवतात, कारण अजून सिद्ध झालेलं नाही, पण कारण सिद्ध व्हायची वाट न बघता क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तर तपासता येतं. शुगर-बीपीच्या पेशंटला वर्षातून एकदा ही लघवीची तपासणी, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी पूर्ण डोसमध्ये, आणि डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी, जिचं पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं आणि जेनेरिक स्वस्तात मिळायला लागली. त्याच वर्षीच्या मोठ्या ट्रायलमध्ये किडनी बिघडणं आणि किडनी किंवा हार्टच्या आजाराने होणारे मृत्यू मिळून ३९ टक्के कमी झाले होते. म्हणून तुझ्या डायलिसिसच्या पेशंटांना मागे जाऊन विचार की शुगर कळल्यापासून कधी कोणी लघवी तपासली होती का, आणि गुडघ्यासाठी दुकानातून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी किती वर्षं घेतली. आठवणीवर भरवसा कमी ठेव, जुने कागद पिशवीत घेऊन यायला सांग, आपल्याकडे लोक सगळे कागद जपून ठेवतात.

एवढं सगळं एका थीसिसमध्ये मावणार नाही हे मलाही माहीत आहे. तुझ्याकडे दीड वर्ष आहे असं धरलं तर मी दोनच गोष्टी घेतल्या असत्या, डायलिसिस सुरू झाल्यापासूनची गळती, तालुका आणि बाई-पुरुषवार, आणि योजनेतून ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या गोळ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुठून येतात आणि किडनीचं काय झालं. मृत्यूची डायलिसिस-ट्रान्सप्लांट तुलना सरळ काढून टाक, गाइडना वरचा १९९९ चा अभ्यास दाखव, ते ऐकतील. एथिक्स कमिटीला अर्ज करताना पेशंटला आणि दात्याला घरी फोन करायची परवानगी आत्ताच मागून घे, नंतर मागायला गेलीस तर तीन-चार महिने त्यातच जातात. आणि फॉर्मवर प्रत्येकाचे दोन मोबाईल नंबर घे, एक घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी.